भिंगसाहेबांचे न दुखणारे दाणे

वॉशबेसिनच्या कारखान्यात एकवीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला "एकदा डोळे तपासून घ्या" असं सांगणं म्हणजे गवयाला कान साफ करून यायला सांगण्यासारखं. व्यवस्थापकाने ते सांगितलं, आणि सांगितलं ते जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना. एका हॉटेलने चाळीस बेसिनं परत पाठवली होती. झिलईत दाणे होते. हात फिरवला की बोटाला लागत. आणि प्रत्येकाच्या पाठीवर तपासनीसाचा निळा शिक्का होता, 'पास'.

तपासनीसाला कारखान्यात पाठीमागे 'भिंग' म्हणत, तोंडावर 'साहेब' म्हणत, आणि घाई असली की 'भिंगसाहेब' असं दोन्ही मिळून तोंडातून निसटे. भट्टीतून निघालेलं बेसिन त्याच्या पुढ्यात यायचं. दिव्याखाली ते कलतं धरून, तळहात फिरवून बघायचं. कुठे दाणा आलाय, कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलंय, कुठे केसाएवढी चीर. ठीक असलं तर निळा शिक्का, नसलं तर लाल. काम तेवढंच. पण एकवीस वर्षं लाल शिक्का हातात राहिला की माणूस तो घरी जातानाही खिशात घेऊन जातो. शेजाऱ्याचं फाटक वाकडं. बायकोचं अक्षर उजवीकडे झुकलेलं. मुलीने केसांचा भांग मधोमध पाडला तर तो मधोमध नाही. कुणाचं काय कुठे चुकलंय हे त्याला लांबून कळे. कुसळं शोधण्यात तो इतका तरबेज झाला होता की स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ त्याने फर्निचर म्हणून धरलं होतं.

चारित्र्याबद्दल तर त्याची मतं पक्की भाजलेली होती. भट्टीवरच्या एका कामगाराचा घटस्फोट झाला तेव्हा त्याने त्या माणसाला, न विचारता, समजावलं होतं, "माणसाचं चारित्र्य झिलईसारखं असतं. भट्टीतून डाग घेऊन निघालं की निघालं. मग कितीही घासा." तो कामगार त्यानंतर तीन वर्षं त्याच्याशी बोलला नाही, आणि याला वाटत राहिलं की उपदेश मनाला लागला.

तर चष्मा आला. वर लांबचं, खाली जवळचं, मधे रेघ नाही असा महागातला. पहिल्या दिवशी त्याला व्यवस्थापकाच्या नाकावरची भोकं दिसली, पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली, आणि संध्याकाळपर्यंत एकसष्ट बेसिनांवर लाल शिक्का पडला. भट्टीवाला रडकुंडीला आला. "साहेब, आधीच्या डोळ्यांत काय वाईट होतं?" म्हणाला.

रविवारी सकाळी बायको बाजारात गेलेली. पायाची नखं काढायची म्हणून तो चष्मा घालूनच न्हाणीघरात शिरला. नखं झाली. मग अंघोळीच्या तयारीत, पोट थोडं आत घेऊन, त्याने सहज खाली पाहिलं.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस खाली बघतो ते बहुधा पडलेला साबण शोधायला. त्याने तिथे नीट असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यालाही आठवेना. आता चष्म्याच्या खालच्या काचेतून सगळं स्वच्छ, मोठं, उजेडात आलं. आणि कातडीवर दाणे होते. खसखशीएवढे, फिकट पिवळसर, कातडी ताणली की दहा-बारा एकदम वर येणारे, सोडली की गडप होणारे. लिंगाच्या अंगावर होते, खाली पिशवीवरही होते. त्याने धंद्याच्या सवयीने बोट फिरवलं. लागले. एकतिसापर्यंत मोजले, मग ताणलेली कातडी सुटली आणि आकडा चुकला.

दुखत नव्हते. खाजत नव्हते. हेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं. दुखलं असतं तर निदान आजार म्हणता आला असता. न सांगता, न दुखवता येणारी गोष्ट म्हणजे फसवणूक, असं त्याचं गणित.

त्या जागेबद्दल त्याला माहिती फार थोडी होती. शाळेत तो धडा सरांनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता, आणि घरी वडिलांनी ती पानं टाचणीने एकत्र टाचली होती. पुढचं शिक्षण सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवरच्या जाहिरातींनी केलं. त्यांच्यानुसार तिथे जे काही उगवतं ते पापाने उगवतं. तपासनीसाने मोरीत उभ्या उभ्या स्वतःचा हिशेब तपासला. परस्त्री? नाही. कधीच नाही. खरं सांगायचं तर संधीच आली नव्हती, पण त्याने ती नोंद नेहमी 'संयम' या सदरात केली होती. म्हणजे तो निर्दोष. म्हणजे माल दुसरीकडून आलेला.

अशा रीतीने, अंगावर टॉवेल गुंडाळायच्या आधीच, त्याने तेवीस वर्षांच्या संसारावर लाल शिक्का मारला.

बायको टपाल कचेरीत काउंटरवर होती. दिवसभर लोकांच्या पाकिटांची वजनं करायची, उलटी चिकटवलेली तिकिटं सोसायची, आणि साडेपाचला घरी. फक्त गेले सहा शनिवार ती अर्ध्या दिवसाची कचेरी सुटूनही थेट संध्याकाळी येत होती. "कुठे असतेस?" विचारलं की "काम आहे जरा" म्हणे. आजवर त्याला त्यात काही वाटलं नव्हतं, कारण त्याला शनिवारी दुपारी झोपायला मिळत असे. आता ते सहा शनिवार त्याच्यापुढे ओळीने उभे राहिले.

त्या दिवसापासून तो मुलीच्या खोलीत झोपायला लागला. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती, खोली रिकामीच.

"हे काय नवीन?" बायकोने विचारलं.

"मी घोरतो. तुझी झोप मोडते."

"तेवीस वर्षं घोरताय. मला आता तुम्ही घोरला नाहीत तर जाग येते."

"तरी पण. आरोग्य महत्त्वाचं."

तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला. तो मागे सरकला. मग त्याने साबण वेगळा केला, टॉवेल वेगळा केला, आणि टॉवेलावर पेनाने स्वतःच्या नावाचं अक्षर काढलं. एके सकाळी चहा पिताना चौकशीलाच बसला.

"तुला काही त्रास वगैरे नाही ना?"

"कसला?"

"असाच. म्हणजे... खाज वगैरे?"

"कुठे?"

"सर्वसाधारण."

बायकोने कप खाली ठेवला. "मला सर्वसाधारण खाज नाही. तुम्हाला आहे का?"

"मला कशाला असेल!" तो एवढ्या जोरात म्हणाला की चहा हिंदकळला. तिने सांडलेला चहा पुसला आणि कचेरीला उशीर होतो म्हणून उठली. दुसऱ्या कुणालाही एवढं पाहिल्यावर भिंगाचा संशय आला असता. पण बायको टपाल खात्यात होती. पत्ता नीट लिहिलेला नसेल तर ती पाकीट फोडत नसे, बाजूला ठेवून देई.

डॉक्टरकडे जावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्याने ते हाकलून लावलं. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे काढावं लागणार. त्यापेक्षा साडू बरा. साडूला नुसतं सांगून भागतं.

साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, औषधांच्या दुकानांना पंधरा वर्षं माल पोचवायचा. पोचवायचा म्हणजे खोकी उचलायचा. पण पंधरा वर्षं खोक्यांवरची नावं वाचून तो अर्धा डॉक्टर झाला होता, आणि उरलेला अर्धा आत्मविश्वासाने भरून काढी.

"माझ्या एका मित्राला," तपासनीस म्हणाला, "जरा दाणे आलेत. अवघड जागी."

"मित्राला." साडूने मान हलवली. "तुमच्याच वयाचा असेल."

"थोडा मोठा."

"दुखतात?"

"अजिबात नाही."

"मग संपलं." साडूचा चेहरा गंभीर झाला. "न दुखणारं असतं तेच मुळापर्यंत गेलेलं असतं. चामखीळ आहे ती. बाहेरची देणगी. जाळायची, दुसरा इलाज नाही. अहो, माझ्या माहितीतला एक माणूस आहे, वर्षानुवर्षं जाळतोय."

"आणि जातात?"

"येतात परत. पण जाळली की जातात." एवढं शास्त्रशुद्ध उत्तर देऊन त्याने गाडीच्या डिकीतून एक इवलीशी बाटली काढून दिली. पायाच्या तळव्याला कुरूप होतं ना, ते जाळायचं औषध. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चेहरा आणि नाजूक भाग सोडून लावावं. आता तपासनीसाकडे बारीक अक्षर वाचायचा चष्मा होता. त्याने ते वाचलंसुद्धा. पण नाजूक भाग हा शब्द बायकांसाठी असावा, असं त्याने धरलं.

शनिवारी दुपारी, बायको तिच्या 'कामाला' गेलेली असताना, त्याने काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक दाण्यावर थेंब ठेवला. अतिशय नेटकं काम केलं, एकही दाणा सुटू दिला नाही. आधी काही झालं नाही. त्याला वाटलं, औषध जुनं दिसतंय. मग झालं. घरातलं बेसिन कारखान्यातूनच स्वस्तात आणलेलं होतं, त्याच्याच लाल शिक्क्याचं. त्या बेसिनच्या काठाला धरून, नळ पूर्ण सोडून, टाचा वर करून तो जे काही ओरडला ते शेजाऱ्याने वाकड्या फाटकापाशी उभं राहून ऐकलं, आणि घरी जाऊन सांगितलं की भिंगसाहेब गाणं शिकतायत.

"आग होतेय," त्याने साडूला फोन केला. "म्हणजे, मित्राची."

"आग होतेय म्हणजे काम करतंय. उद्या परत लावायला सांगा."

आणि त्याने परत लावलं! पडत्या फळाची आज्ञा मानावी तसं लावलं. लाख रुपयांचं बेसिन हातात आलं तरी डोळे झाकून विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने साडूच्या डिकीतल्या बाटलीवर ठेवला. बुधवारपर्यंत दाणे होते तिथेच होते, आणि त्यांच्याभोवती लाल, ओले, सोललेले चट्टे उठले होते. आता मात्र दुखत होतं. चालताना पाय फाकवून चालावं लागे. कारखान्यात तो उभा राहून काम करी आणि विचारलं की "पाठ" म्हणे.

पुढच्या शनिवारी, अशा चालीने, तो बायकोच्या मागावर निघाला.

टपाल कचेरीच्या समोरच्या फुटपाथवर तो वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला. ती बाहेर आली, पर्समधून फणी काढून केस नीट केले (त्याच्या काळजात कळ आली), आणि दोन गल्ल्या चालत गेली. तिथे एक पांढरी, छोटी, जागोजाग चेपलेली गाडी उभी होती. आत एक पुरुष होता. ती दार उघडून बसली. आणि बसली ती स्टिअरिंगच्या चाकापाशी.

गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती. पण संशयाने एकदा डोळे भरले की टपावरची पाटी दिसत नाही, पुढच्या काचेतला पुरुष दिसतो. तो पुरुष सत्तरीचा होता, बसचा निवृत्त चालक होता आणि त्याला ऐकू कमी येत होतं. शनिवारी तो त्या रुंद, कमी वर्दळीच्या रस्त्यावर बायकांना गाडी शिकवायचा. तपासनीस विजेच्या खांबाआड सरकला. गाडी पुढे गेली, थांबली, आणि सरळ मागे त्याच्याकडे यायला लागली. धक्के खात, पण नेम धरल्यासारखी.

त्याने उडी मारली. गाडी खांबापासून हातभर अंतरावर थांबली, त्याला लागली नाही. पण त्या उडीने बाकीचं सगळं काम केलं. तो फुटपाथवर बसला तो उठेचना.

"आरशात बघा म्हटलं होतं ना, बाई!" आतून म्हातारा गरजला.

बायको उतरून धावत आली. आणि थांबली.

"तुम्ही? इथे?"

"सहज आलो होतो. फिरायला."

"खांबामागे?"

"तू गाडी शिकतेस?"

"हो. मग आधी सांगायचं होतं? सांगितलं असतं तर चावी हातात घ्यायच्या आत पंचवीस चुका काढल्या असत्या तुम्ही. कुठे लागलंय? उठा."

"लागलं नाही."

"मग उठत का नाही?"

तोवर म्हातारा चालकही येऊन उभा राहिला होता. "कुठे लागलंय यांना?"

"खाली," तपासनीस पुटपुटला.

"काय?"

"खाली!"

"पायाला?"

"पायाच्या वर!"

"गुडघा?"

"वर हो! वर! मधे!" तो ओरडला. समोरच्या दुकानातली दोन गिऱ्हाईकं बाहेर येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याला शेवटी कळलं. त्याने मोठ्या आदराने त्याला हात देऊन मागच्या सीटवर आडवं केलं. बायकोची मोठ्या रस्त्यावरची पहिली खेप ही अशी झाली. शेजारी बहिरा गुरू, मागे विव्हळणारा नवरा, आणि वाटेत चार चौक. एकदाही गाडी बंद पडली नाही. मागून तीनदा सूचना आल्या, "सिग्नल... गियर... अगं, डावीकडे घे." तिने एकीलाही उत्तर दिलं नाही.

सरकारी दवाखान्यात कातडीचा विभाग सहापर्यंत उघडा होता. डॉक्टरीणबाई पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेल्या.

"पुरुष डॉक्टर नाहीत का?" तपासनीसाने दारातूनच विचारलं.

"आहेत ना. सोमवारी येतात. थांबवेल सोमवारपर्यंत?"

त्याने खुर्चीकडे पाहिलं. बसायलाही जमत नव्हतं. बायकोला बाहेर बाकावर बसवून तो पडद्यामागे गेला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला, आणि चाळीस बेसिनं ओळीने तपासणाऱ्या माणसाच्या तटस्थपणाने बघितलं.

"काय लावलंत?"

त्याने बाटली दाखवली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून बारीक अक्षरं वाचली. मग त्याच्याकडे पाहिलं. "हे वाचलं होतं?"

"हो."

"आणि?"

तो पडद्याची कडा सरळ करायला लागला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "इथे दोन गोष्टी आहेत. एक हे लाल चट्टे. हे तुम्ही केलेत, भाजलंय, मलम देते, दोन-तीन आठवड्यांत भरून येईल. दुसरे हे पिवळे दाणे. यांना मी काहीही करणार नाही."

"म्हणजे इलाजाच्या पलीकडे गेलंय?" त्याने विचारलं.

"म्हणजे त्यांना काहीही झालेलं नाही. तेलाच्या ग्रंथी आहेत त्या. अंगावर सगळीकडे असतात, बहुतेक ठिकाणी केसाच्या मुळाशी लपलेल्या. जिथे केस नसतो तिथे त्या तशाच कातडीतून दिसतात. ओठांवर पण असतात. घरी गेल्यावर वरचा ओठ ताणून आरशात बघा. वयात आल्यावर दिसायला लागतात त्या मरेपर्यंत राहतात. संसर्ग नाही, कुणाकडून येत नाहीत, कुणाला लागत नाहीत. दहातल्या सात-आठ माणसांना असतात."

"पण मला आत्ताच आले!"

"चष्मा कधी केलात?"

तपासनीसाने नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"पण न दुखणारं म्हणजे वाईट ना?" तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"माझे साडू."

"काय करतात?"

"खोकी... औषधांत आहेत."

"हं. नीट ऐका. दुखत नाही म्हणजे बरं, हे चूक. आणि दुखत नाही म्हणजे वाईट, हेही चूक. दाणे नवीन उगवले, वाढत चालले, कोबीच्या गड्ड्यासारखे खरबरीत झाले, मधे खळगा पडला, रक्त आलं, किंवा जखम झाली, अगदी न दुखणारी जखम झाली, तर लगेच यायचं. त्यातले काही आजार असतात आणि त्यांना औषध असतं. ते कोणते आणि हे कोणते, हे बघितल्याशिवाय कळत नाही. बघायचं काम माझं. बघून घ्यायला तीन मिनिटं लागतात. तुम्ही किती दिवस घालवलेत?"

"तेरा," तो म्हणाला. आणि मग, अजून आशा सोडवत नव्हती म्हणून, "समजा, ते खरंच चामखीळ असते, तर ते... बाहेरूनच आले असते ना? म्हणजे, मी तर कुठे गेलो नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. बराच वेळ घेऊन काढले.

"ते खरंच चामखीळ असते ना, तरी त्याचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे दाण्यावर लिहिलेलं नसतं. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवायला मी शिकले नाही. तुम्ही कुठे शिकलात?"

त्याला मुतारीच्या भिंतीवरच्या जाहिराती आठवल्या.

"मलम लावायला मदत लागेल. बायकोला आत बोलावू? तुमची हरकत नसेल तर."

हरकत खूप होती, पण एकट्याने वाकून बघवत नव्हतं. बायको आत आली. डॉक्टरीणबाईंनी तिला मलम कसं लावायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, "चट्ट्यांवरच लावायचं. पिवळे दाणे दिसतील, त्यांची काळजी करू नका."

"त्यांची कसली काळजी?" बायको म्हणाली. "ते पहिल्यापासून आहेत."

"पहिल्यापासून म्हणजे?" तपासनीसाने विचारलं.

"लग्न झालं तेव्हापासून. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं."

"बरोबर वाटलं तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"मी काय सांगायचं? तुमचंच आहे, तुम्हाला माहीत असेल असं..." आणि ती मधेच थांबली. तिच्या तोंडावर एकेक गोष्ट येऊन बसताना दिसत होती. वेगळा साबण. टॉवेलावरचं अक्षर. सर्वसाधारण खाज. विजेचा खांब. टपाल खात्यात इतकी वर्षं काढल्यावर अर्धवट पत्त्याचं पाकीट कुठे जायचंय हे तिला कळायला वेळ लागला नाही.

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच. मग डॉक्टरीणबाईंना धन्यवाद देऊन बाहेर गेली, म्हाताऱ्या चालकाच्या कानाशी वाकून म्हणाली, "यांना घरी सोडता का? मी चालत येते," आणि खरंच चालत आली. पाच किलोमीटर.

जखम अठरा दिवसांत भरली. मलम ती रोज लावी, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, तेवढ्याच वेळात, बेसिनला ब्रश मारावा तसं. बोलणं मात्र कामापुरतं. "गॅस संपलाय." "लाइटबिल टेबलावर आहे." चौथ्या आठवड्यात त्याने धीर करून सांगितलं, "अगं, माझा जरा गैरसमज झाला."

"गैरसमज होत नसतो. पाऊस होतो. तुम्ही केलात."

"तेच ते."

"तेच ते नाही." तिने हातातली पालेभाजी खाली ठेवली. "अंगावर काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, ते ठीक. मलाही माझं सगळं माहीत नसेल. पण माहीत नाही म्हटल्यावर विचारावं तरी. ते सोडून पहिला विचार काय आला तुमच्या डोक्यात? तेवीस वर्षांत पहिला विचार?"

अजून एक आठवडा गेला. मग एका संध्याकाळी, तिच्यापुढे उभा राहून, ऑफिसच्या चौकशीत जबाब द्यावा तसं तो म्हणाला, "मी तुझ्यावर संशय घेतला. पुरावा काहीच नव्हता. मला माझ्याच शरीराची माहिती नव्हती आणि विचारायची लाज वाटली, म्हणून दोष तुझ्यावर टाकला." हे वाक्य त्याने कारखान्यात बेसिनं तपासता तपासता जुळवलं होतं. त्या आठवड्यात कितीतरी सदोष माल पास झाला.

तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "कांदा चिरून द्या."

त्यात माफी होती की नव्हती हे त्याला कळलं नाही, आणि यावेळी त्याने ते ठरवून टाकलंही नाही. पुढे मुलगी सुट्टीला घरी आली, तिला तिची खोली लागली, तेव्हा तो उशी घेऊन परत आपल्या खोलीत आला. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पण त्याच्या बाजूला जागा सोडलेली होती. घटस्फोटित कामगाराकडे जाऊनही तो एकदा काहीतरी बोलून आला. काय, ते कुणाला कळलं नाही. कामगार एवढंच म्हणाला की भिंग आज पहिल्यांदाच ऐकायला आला होता.

तीनेक महिन्यांनी साडू आला. एकटाच, आणि दारातच घुटमळला.

"साडूभाऊ, तुमच्या त्या मित्राचं काय झालं?"

"मित्र वगैरे कुणी नाही. मीच तो. भाजून घेतलं तुमच्या औषधाने. दाणे निरुपद्रवी होते."

साडू सोफ्याच्या कडेवर बसला.  "निरुपद्रवी म्हणजे... सगळेच?"

"सगळे कसे सांगू? दाखवल्याशिवाय कळत नाही." मग त्याला काहीतरी सुचलं. "का हो?"

साडूने खिशातला रुमाल काढून पुन्हा आत ठेवला.  वर्षानुवर्षं जाळणारा तो माहितीतला माणूस कोण, हे मग सांगावं लागलं नाही.

सोमवारी दोघे दवाखान्यात गेले. पुरुष डॉक्टर होते, तरी साडू अर्धा तास बाहेर चपला काढ-घाल करत राहिला. आत गेला तो दहा मिनिटांत बाहेर आला. टोकाच्या कडेने ओळीत बसलेले बारीक मोत्यांसारखे दाणे, कित्येक पुरुषांना असतात, तिळासारखे निरुपद्रवी. इलाज नको. डॉक्टरांनी जे लिहून दिलं ते जुन्या भाजल्याच्या वणांसाठी.

"अकरा वर्षं," साडू पायऱ्यांवर बसून म्हणाला. "अकरा वर्षं मी... हिला लागू नये म्हणून लांब राहिलो. जवळच गेलो नाही हो."

"तिला सांगितलं होतं का?"

"काय सांगायचं?"

"आता सांगा."

"तुम्ही सांगा ना ताईंना. त्या सांगतील हिला."

"मी नाही," तपासनीस म्हणाला. "तुम्हीच."

साडूने सांगितलं असावं. कारण त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला, आणि बायको आतल्या खोलीत दार लावून तासभर तिच्याशी बोलली. आधी बायकोचं हसणं ऐकू आलं, चांगलं मोठ्याने. मग हसू थांबलं, आणि बराच वेळ नुसतं "हो... हो गं..." एवढंच येत राहिलं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. तपासनीस जेवणाची ताटं मांडत होता.

"अकरा वर्षं तिला वाटत होतं की तीच त्याला आवडत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे गेली होती म्हणे दोनदा. वजन कमी केलं. केस कापून बघितले. आणि हा बाबा बाटल्या घेऊन बसला होता."

तपासनीसाला एक वाक्य सुचलं होतं, साडूबद्दल, बरंच धारदार. त्याने ते गिळलं आणि तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "उद्या मी तिला घेऊन येणार आहे चार दिवस. मुलीची खोली झाडून ठेवा."

तो झाडू आणायला उठला.